वडील गेल्यानंतरची पैशांची आणि कराची कामं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसकार्य आटोपलं की घरात कागदांची पिशवी निघते. पासबुकं, एफडीच्या पावत्या, एलआयसीची पॉलिसी, एखादं जुनं शेअर सर्टिफिकेट. मग चारही बाजूंनी सल्ले सुरू होतात. कर सल्लागार म्हणून अशा घरांतून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. सोयीसाठी ‘वडील गेले, मागे आई आणि मुलं’ असं धरलं आहे. बाकी नात्यांत वारस बदलतात, कराचे नियम तेच राहतात.

आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून कलमं मुद्दामच दिलेली नाहीत. वारसाहक्काबद्दल जे लिहिलं आहे ते हिंदू कुटुंबांपुरतं आहे. गोव्याचा प्रश्न वेगळा घेतला आहे.

वारसाहक्काने मिळालेल्या पैशांवर किंवा घरावर कर लागतो का?

नाही. भारतात गेलेल्या माणसाच्या मालमत्तेवर ‘मालमत्ता शुल्क’ होतं, ते १९८५ मध्ये रद्द झालं. त्यानंतर वारसा कर आलेला नाही. मृत्युपत्राने मिळो की वारस म्हणून, रक्कम पाच लाख असो की पाच कोटी, ती तुमचं उत्पन्न धरली जात नाही. विम्याचे मृत्यूनंतर मिळणारे पैसेही करमुक्त आहेत.

कर लागतो तो त्या मालमत्तेतून पुढे येणाऱ्या उत्पन्नावर: व्याज, भाडं, लाभांश आणि विकल्यावर होणारा नफा. म्हणून प्रत्येक कागद हातात घेताना आधी मृत्यूची तारीख बघायची. तिच्या आधीचं उत्पन्न वडिलांचं, नंतरचं वारसांचं. बहुतेक नोटिसा ही रेघ नीट न आखल्यामुळे येतात.

सगळ्यात आधी काय करायचं?

मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-बारा प्रती काढा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. शहरात महापालिका किंवा नगरपालिका, गावात ग्रामपंचायत. दाखला हातात पडताच तिथेच उभं राहून नावाचं स्पेलिंग आधार आणि पॅनशी ताडून बघा. दुरुस्ती तेव्हा सोपी असते, सहा महिन्यांनी नसते.

दुसरं, वडिलांचा मोबाइल नंबर बंद करू नका. निदान वर्षभर रिचार्ज चालू ठेवा. बँक, डिमॅट, पीएफ, आयकर, सगळ्यांचे संदेश त्याच नंबरवर येतात आणि कुठे काय गुंतवलं होतं हे त्यातूनच कळतं.

तिसरं, पहिल्या महिन्यात कशावरही सही करू नका, विशेषतः आईची सही घेऊ नका. दुःखात असलेल्या बाईपुढे ‘काकू, फक्त इथे एक सही’ म्हणून नव्या विमा योजनेचा अर्ज सरकवणारे लोक प्रत्येक गावात आहेत.

वडिलांचं एटीएम कार्ड आणि पिन आहे. खर्चासाठी पैसे काढले तर चालतं का?

चालत नाही. खातेदार गेल्यावर त्याच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यातून कार्डाने किंवा यूपीआयने पैसे काढायचा अधिकार कुणालाही राहत नाही, नामनिर्देशित व्यक्तीलाही नाही. हेतू चांगला असला तरी उद्या भावंडांत वाद झाला की बँकेच्या उताऱ्यातली तीच ओळ तुमच्या विरोधात वाचली जाते.

खातं संयुक्त आणि ‘दोघांपैकी एक किंवा हयात असलेला’ अशा पद्धतीचं असेल तर आई व्यवहार करू शकते. तिने दाखला देऊन वडिलांचं नाव कमी करून घ्यावं.

एक गोष्ट हमखास राहून जाते. वडील पेन्शनर असतील आणि बँकेला कळवायच्या आधी पुढच्या महिन्यांची पेन्शन जमा झाली असेल, तर ती परत जाते. ती खर्च केली असेल तर बँक वसूल करते. लगेच कळवा, म्हणजे आईची कुटुंब पेन्शनही लवकर सुरू होते.

नामनिर्देशन माझ्या नावावर आहे. म्हणजे पैसे माझेच ना?

हा प्रश्न विचारला जातो तेव्हा खोलीत सहसा भाऊ किंवा बहीण नसते.

नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे पैसे स्वीकारायचा अधिकार असलेली व्यक्ती. बँक तिला पैसे देऊन मोकळी होते. ते कुणाचे, हे मृत्युपत्राने ठरतं आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याने. शेअर आणि डिबेंचरच्या बाबतीतही नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. आयुर्विमा थोडा वेगळा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं यांचं नामनिर्देशन असेल तर त्यांना लाभाचा हक्कदार मानलं जातं. तरीही त्यावर खटले होतातच.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. सगळ्यांना सारखा वाटा. इथली ‘आई’ म्हणजे गेलेल्या माणसाची आई, तुमची आजी. आजी हयात असेल तर तिचाही वाटा आहे, आणि नेमकं तिलाच सगळे विसरतात. वडिलांचे वडील पहिल्या वर्गात येत नाहीत.

सोसायटीतल्या फ्लॅटचंही असंच. नामनिर्देशित व्यक्तीला सोसायटी तात्पुरता सदस्य करून घेते. मालक कोण, हे वारसांनी किंवा न्यायालयाने ठरवायचं. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं म्हणजे घर झालं, असं नाही.

बँकेत नामनिर्देशन आहे, तरी बँक वारस दाखला मागते. द्यावा लागतो का?

नाही. नामनिर्देशन असेल किंवा ‘हयात असलेला’ अशा अटीचं संयुक्त खातं असेल, तर रक्कम कितीही असली तरी उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा हमीपत्र मागता येत नाही. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र एवढंच लागतं.

नामनिर्देशनच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार साधी पद्धत आहे. व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत. त्यात हमीपत्र आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र यावर काम होतं. कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे, आणि उशीर बँकेमुळे झाला तर भरपाई द्यायची आहे. लॉकरच्या बाबतीत ती दिवसाला ५,००० रुपये आहे. बँकांना हे सगळं अमलात आणायला ३१ मार्च २०२६ ची मुदत दिलेली आहे. म्हणून अर्ज दिल्यावर पोच, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पंधरा दिवस त्या शिक्क्यापासून मोजले जातात.

वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र… यातलं नेमकं काय काढायचं?

आधी विचारा, कुणी आणि कशासाठी मागितलं आहे. ठेवी, शेअर, येणं बाकी अशा जंगम गोष्टींसाठी दिवाणी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं, तेही रक्कम मोठी असून नामनिर्देशन नसेल किंवा वाद असेल तेव्हाच. घर-जमीन यांसाठी महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियमाखाली न्यायालयातून वारस प्रमाणपत्र मिळतं. कायदा कंपनी सरकारच्या काळातला, पण आजही चालतो. तहसील कार्यालयातून मिळणारा दाखला पेन्शन आणि तत्सम सरकारी कामांपुरता असतो.

न्यायालयाचे कागद काढायला वेळ, कोर्ट फी आणि वकिलाची फी जाते. एखाद्या कारकुनाने तोंडी सांगितलं म्हणून धावत सुटू नका. कोणत्या नियमाने हवंय ते लेखी मागा. निम्म्या वेळा मागणीच मागे घेतली जाते.

सातबाऱ्यावर आमची नावं कशी लागतात?

मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. ‘ई-हक्क’ प्रणालीवर घरबसल्याही करता येतो. फेरफार नोंद धरली जाते, नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. शहरातल्या जागेची मिळकत पत्रिका असेल तर हेच काम नगर भूमापन कार्यालयात.

अर्जात सगळ्या वारसांची नावं द्या. बहिणींची सुद्धा, लग्न होऊन वीस वर्षं झाली असली तरी. बहिणीचं नाव गाळून केलेली नोंद पुढे जमीन विकताना किंवा संपादनाचा मोबदला घेताना हमखास अडते.

बहिणी म्हणतात, आम्हाला काही नको. तसं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं तर पुरे?

पुरे नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नोटरीच्या कागदाला इथे किंमत नाही.

आता माझं मत. माझ्यासमोर आलेल्या हक्कसोडपत्रांत ‘आम्हाला काही नको’ हे वाक्य बहुतेक वेळा भावानेच आधी उच्चारलेलं असतं. माहेर तुटेल या धास्तीने बहीण मान डोलावते. सही करण्यापूर्वी तिला मालमत्तेची आजची किंमत आकड्यात माहीत असावी, आणि ती सही चहाच्या कपासोबत घाईघाईत होऊ नये. तेराव्याच्या दिवशी तर नकोच नको.

कराचा भाग असा. मोबदला न घेता सख्ख्या नात्यात हक्क सोडला तर घेणाऱ्यावर कर नाही, सोडणाऱ्यावरही नाही. पण बहिणीने दहा लाख घेऊन हक्क सोडला, तर ते तिच्या वाट्याचं हस्तांतर ठरून तिला भांडवली नफ्याचा हिशोब द्यावा लागू शकतो. पैसे चेकने द्या आणि दस्तात लिहा. ‘वरच्यावर’ दिलेल्या पैशांनी दोघंही अडचणीत येतात.

गेलेल्या माणसाचं रिटर्न भरावं लागतं का?

उत्पन्न करपात्र असेल किंवा टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचा, परतावा घ्यायचा असेल तर हो. वारसाने ‘मृताचा कायदेशीर वारस’ म्हणून आयकर पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमधून नोंदणी करायची. मृत्यूचा दाखला, वडिलांचं पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणून न्यायालयाचं किंवा महसूल खात्याचं प्रमाणपत्र, नोंदणीकृत मृत्युपत्र, कुटुंब पेन्शनचा आदेश, किंवा बँकेने नामनिर्देशित व्यक्तीचं नाव नमूद करून दिलेलं पत्र चालतं. शेवटचा पर्याय सगळ्यात सोपा. शाखेत जाऊन लेटरहेडवर मागून घ्या.

उदाहरण घेऊ. वडील १८ जून २०२५ ला गेले. त्या दिवशी त्यांचं २०२४-२५ चं रिटर्न भरायचं बाकी होतं. म्हणजे दोन रिटर्नं झाली: एक २०२४-२५ च्या पूर्ण वर्षाचं, दुसरं १ एप्रिल ते १८ जून २०२५ या अडीच महिन्यांचं. दुसरं बहुतेक घरांत राहून जातं, कारण ‘ते तर गेले होते’ असं सगळे म्हणतात.

गंमत अशी की त्या अडीच महिन्यांच्या उत्पन्नालाही करमुक्त मर्यादा पूर्ण वर्षाची मिळते. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि पगार, पेन्शन, व्याज अशा नेहमीच्या उत्पन्नाचं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. त्याच वर्षी उरलेल्या काळाचं उत्पन्न आईच्या रिटर्नमध्ये जातं आणि तिलाही पूर्ण मर्यादा मिळते. सगळं वडिलांच्याच नावावर दाखवत राहिलात तर हा फायदा हातचा जातो.

वडिलांची कर थकबाकी असेल तर? ती वारसाने द्यायची, पण मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच. स्वतःच्या पगारातून नाही.

एफडीवरचा टीडीएस वर्षभर वडिलांच्याच पॅनवर कापला गेला. आता?

अगदी नेहमीचं प्रकरण. बँकेला उशिरा कळवलं की असंच होतं. १८ जूननंतरचं व्याज वारसांचं, पण टीडीएस वडिलांच्या नावावर. रिटर्नच्या टीडीएस तक्त्यात दुसऱ्या व्यक्तीच्या पॅनवर कापलेला कर आपल्या उत्पन्नाशी जोडून मागायची सोय आहे. वडिलांच्या रिटर्नमध्ये त्यांच्या व्याजापुरता टीडीएस घ्यायचा आणि उरलेला पुढे सोडायचा. हे हाताने जुळवावं लागतं. वार्षिक माहिती विवरणाची प्रत, म्हणजे एआयएस, समोर ठेवूनच बसा.

हे एआयएस आणखी एका कामाचं आहे. त्यात व्याज आणि लाभांश देणाऱ्या प्रत्येक संस्थेचं नाव असतं. वडिलांनी कुणालाच न सांगितलेली ठेव किंवा शेअर त्यात सापडतात.

आईला आता रिटर्न भरावं लागेल? तिने आयुष्यात कधी भरलं नाही.

बहुधा हो. समजा आईला महिना २२,००० रुपये कुटुंब पेन्शन आहे, म्हणजे वर्षाला २,६४,०००. एफडीचं व्याज २,८०,०००. कुटुंब पेन्शन ‘इतर उत्पन्न’ या सदरात येते आणि नव्या करप्रणालीत तिच्यातून एक तृतीयांश किंवा २५,००० यांपैकी कमी रक्कम वजा होते. जुन्या प्रणालीत ही मर्यादा १५,००० आहे. म्हणजे २,३९,००० अधिक २,८०,०००, एकूण ५,१९,०००. सवलतीमुळे कर शून्य. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर असल्याने रिटर्न मात्र भरावंच लागतं.

कर शून्य आहे म्हणून आई साठीच्या वर असेल तर एप्रिलमध्येच प्रत्येक बँकेत १५-एच हा अर्ज द्यावा, म्हणजे टीडीएस कापला जात नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत एका बँकेतलं वर्षाचं व्याज १ लाखापर्यंत असेल तर तसाही टीडीएस कापत नाहीत. इतरांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे.

आईचं पॅनच नसेल तर आधी ते काढा. आणि नाव बघा. पासबुकात ‘सुमनबाई’, आधारवर ‘सुमन’, वडिलांच्या जुन्या नामनिर्देशनात माहेरचं नाव, असं प्रकरण दर दुसऱ्या घरात असतं. तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र एकदाच करून ठेवा, सगळीकडे उपयोगी पडतं.

पीपीएफ आणि पोस्टातलं ज्येष्ठ नागरिक खातं आई पुढे चालवू शकते का?

पीपीएफ नाही. ते बंद करून पैसे घ्यायचे. पैसे देण्याच्या आधीच्या महिन्याअखेरपर्यंत व्याज मिळतं, म्हणून घाबरून धावपळ करायची गरज नाही.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं उलट आहे. पत्नी संयुक्त खातेदार किंवा एकमेव नामनिर्देशित असेल आणि स्वतः पात्र असेल तर खातं मुदतीपर्यंत त्याच दराने चालू ठेवता येतं. तसं नसेल तर मृत्यूच्या तारखेपासून फक्त पोस्टाच्या बचत खात्याचा दर मिळतो, म्हणजे ८.२ टक्क्यांवरून एकदम ४. इथे उशीर केला की थेट नुकसान.

वडील नोकरीत असताना गेले. पीएफशिवाय आणखी काय मिळतं?

तीन गोष्टी. पीएफची रक्कम, ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) मधून पत्नीला आणि मुलांना पेन्शन, आणि ईडीएलआय हा विमा. विम्याचं नाव अनेकांना माहीतच नसतं. सेवेत असताना मृत्यू झाल्यास पगार आणि शिल्लक यांनुसार कमाल ७ लाखांपर्यंत मिळतात आणि त्यासाठी कर्मचाऱ्याने वेगळा हप्ता भरलेला नसतो. अर्ज क्रमांक २०, १०-डी आणि ५-आयएफ. कंपनीने फक्त पीएफचा अर्ज भरून दिला असेल तर बाकीचे दोन आवर्जून मागा.

ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत लागू होत नाही. दोन वर्षांची नोकरी असली तरी हक्क आहे.

पासबुकात मे महिन्यात ४३६ आणि २० रुपये वजा झालेले दिसतात. ते काय?

हीच ती ओळ जी शोधायला मी प्रत्येकाला सांगतो. ४३६ रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख. २० रुपये म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. खातं उघडताना कुणीतरी अर्ज भरून घेतलेला असतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो. जीवन ज्योतीचं संरक्षण वयाच्या ५५ पर्यंत आणि सुरक्षा विम्याचं ७० पर्यंत. दावा ज्या बँकेतून पैसे कापले गेले तिथेच करायचा.

न सापडलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे, म्युच्युअल फंडासाठी सेबीने सुरू केलेलं ‘मित्र’. सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे गेलेले असतात. तिथून ते परत मिळतात, चिकाटी मात्र लागते.

वडिलांचा फ्लॅट विकायचा आहे. कर किती?

वडिलांनी डोंबिवलीत १९८८ मध्ये १,१०,००० ला घेतलेला फ्लॅट. वडील २०२२ मध्ये गेले. आई आणि मुलगा, दोघंच वारस. २०२५-२६ मध्ये ७० लाखांना विकला.

खरेदी किंमत वडिलांचीच धरायची, आणि खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असल्याने त्या दिवशीची बाजारमूल्य किंमत घेता येते. मात्र त्या वेळच्या मुद्रांक शुल्क मूल्यापेक्षा जास्त नाही. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून अहवाल घ्या. समजा ती ६ लाख आली.

आता दोन मार्ग. पहिला, महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के: ७० उणे ६, म्हणजे ६४ लाखांवर ८ लाख कर. दुसरा, निर्देशांकाने खरेदी किंमत वाढवून २० टक्के: २००१-०२ चा निर्देशांक १००, २०२५-२६ चा ३७६, म्हणून ६ लाखांचे २२.५६ लाख होतात. ४७.४४ लाखांवर सुमारे ९.४९ लाख कर. इथे पहिला मार्ग स्वस्त. वर ४ टक्के उपकर, आणि कर दोघांत निम्मा निम्मा.

‘निर्देशांक काढून टाकला म्हणजे लुटलं’ असं ऐकायला मिळतं. ते सरसकट खरं नाही. २०२५-२६ च्या निर्देशांकाने आकडेमोड केली तर २००१ च्या किमतीच्या सुमारे ८.४ पटीहून जास्त दराने विकलं तर १२.५ टक्केच परवडतं. हाच फ्लॅट ४० लाखांना गेला असता तर निर्देशांकाने ३.४९ लाख आणि त्याशिवाय ४.२५ लाख कर झाला असता. निवडीची ही मुभा २३ जुलै २०२४ च्या आधी मिळालेल्या जागांना आणि फक्त निवासी भारतीय व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंबांना आहे. वडील त्या तारखेनंतर गेले असतील तर विक्रीआधी सीएचं लेखी मत घ्या.

कर वाचवायचा असेल तर दुसरं घर घेणं किंवा सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत ठरावीक रोख्यांत गुंतवणं, हे दोन रस्ते आहेत.

भाऊ अमेरिकेत आहे. त्याच्या वाट्याचं काय?

वाटा त्याचा आहेच. पण विकताना खरेदीदाराला त्याच्या हिश्श्यावर १ टक्का नव्हे, अनिवासी भारतीयाच्या दराने टीडीएस कापावा लागतो. तो बराच मोठा असतो. आधीच कमी कपातीचं प्रमाणपत्र काढावं. पैसे एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयांच्या खात्यात, जमा होतात आणि तिथून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. मुखत्यारपत्र तिकडून पाठवायचं तर वकिलातीकडून किंवा अपोस्टिल (तिकडच्या सरकारचं अधिकृत प्रमाणन) करून, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यायचं.

वडिलांनी आईसाठी केलेले दागिने ‘दाखवावे’ लागतात का?

नाही. वारशाने किंवा लग्नात आलेलं सोनं किती असावं याला मर्यादा नाही. लोक जे ५०० ग्रॅम म्हणतात ते १९९४ च्या एका सूचनेतलं आहे: झडतीत विवाहित स्त्रीचं ५००, अविवाहित स्त्रीचं २५० आणि पुरुषाचं १०० ग्रॅमपर्यंतचं सोनं जप्त करू नये. विकलं तर भांडवली नफा होतो, घरासारखाच वडिलांच्या किमतीवरून.

वडील गेले, आता त्यांच्या पैशांतून एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) काढली तर कर वाचेल, असं कुणीतरी सांगितलं.

सांगणारा अर्धवट आहे. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता मुलाकडे वैयक्तिक म्हणून येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच ठरवलं आहे. ती परस्पर एचयूएफमध्ये टाकली तर त्यातलं उत्पन्न पुन्हा तुमच्याच डोक्यावर धरलं जातं.

आम्ही गोव्याचे. आमचे नियम वेगळे का?

हो, बरेच. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची पद्धत चालते आणि आता २०१२ चा वारसा कायदा आहे. लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची सामाईक असते. म्हणून नवरा गेला तर निम्मी बायकोची आधीपासूनच, उरलेल्या निम्म्याचाच वारसा उघडतो आणि त्यात मुलं पहिली. मृत्युपत्रानेही ठरावीक हिश्श्याच्या पलीकडे मुलांना डावलता येत नाही. वाटणी न्यायालयात इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटण्याच्या, पद्धतीने होते.

आयकरातही गोव्याच्या जोडप्यांना सवलत आहे. पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं विभागून दाखवतात. वडील गेल्यावर ही विभागणी मृत्यूच्या तारखेला थांबते. रिटर्न भरताना मुंबईतल्या सीएला हे आवर्जून सांगा.

वडिलांचं कर्ज आम्ही फेडायचं का?

मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. काहीच मिळालं नसेल तर क्रेडिट कार्डाची थकबाकी तुमच्या पगारातून मागता येत नाही. अपवाद दोन: तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर. गृहकर्जाबरोबर विमा घेतलेला होता का, हे मंजुरीपत्रात बघा. पॉलिसी विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली असेल तर तिचे पैसे पत्नीमुलांचे, सावकारांचा त्यावर हक्क नाही.

पॅन, आधार, गाडी?

पॅन परत करायची सक्ती नाही. शेवटचं रिटर्न आणि परतावा झाल्यावर आयकर अधिकाऱ्याला अर्ज द्या. आधारवर मृत्यूची नोंद कुटुंबीयांना ऑनलाइन करता येते. गाडीच्या बाबतीत ३० दिवसांत आरटीओला कळवा. तसं कळवलं तर वारसाला ती तीन महिने वापरता येते आणि तेवढ्यात नावावर करून घ्यायची. विमाही बदला, अपघात झाला तर कंपनी पहिलं तेच बघते.

आईच्या बाबतीत पुन्हा हे सगळं होऊ नये म्हणून आता काय करावं?

तिच्या प्रत्येक खात्यात नामनिर्देशन करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार जणांपर्यंत नावं देता येतात, टक्केवारीसह. लॉकरमध्येही चार, पण एकामागून एक क्रमाने.

मृत्युपत्रासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर तिच्या भाषेत, तिची सही आणि दोन साक्षीदार. ज्याला वाटा मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडा. मालमत्तांची यादी आणि कागद कुठे ठेवलेत हे वेगळ्या पानावर लिहा, म्हणजे दरवर्षी ते पान बदललं तरी मृत्युपत्राला हात लावावा लागत नाही.